मदत हवी आहे: कृत्रिम मराठी आवाजाची 'नैसर्गिकता' श्रोत्यांना कशी विचारावी?

मजकूर वाचून दाखवणाऱ्या दोन मराठी प्रणालींची श्रवणचाचणी चालू आहे. 24 श्रोते, 30 वाक्यं, हेडफोन, 1 ते 5 गुण. खऱ्या माणसाची ध्वनिमुद्रणंही मिसळली आहेत. अडचण प्रश्नातच आहे. 'चारा'तला च 'चार'सारखा उच्चारला, तरी आवाज गोड म्हणून कुणी 5 देतं, कुणी 2. (शब्दही फसवा: पर्यावरणात नैसर्गिक म्हणजे माणसाचा हात न लागलेलं, इथे नेमकं माणसासारखं!) 'सहज' हा शब्द वापरून पाहिला, तर लोक स्पष्टतेला गुण देऊ लागले. जोड्यांची तुलना केली. सरस कोण ते कळतं, का ते नाही. श्रोते वाढवता येणार नाहीत.

उच्चार आणि लय वेगवेगळे विचारावेत, की आधी नमुने ऐकवून एकच प्रश्न ठेवावा? आणि त्या प्रश्नाचे मराठी शब्द नेमके कोणते ठेवावेत?