विषय: जुनी भाटी, नवं पिल्लू (घर कोल्हापुरात, रजा तीन आठवड्यांची)

नमस्कार मंडळी,
मंगळवार पेठेतल्या घरी सहा वर्षांची भाटी (मांजरी) आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. परवा अडीच महिन्यांचं मादी पिल्लू आणलं आणि त्याच संध्याकाळी सोप्यात दोघींना समोरासमोर ठेवलं. आता भाटी माडीवरून उतरत नाही, पिल्लू कॉटखालून निघत नाही. रजा संपायच्या आत जमेल का? नंतर सगळं आईबाबांवर आहे.
– मंगळवार पेठ

---

समोरासमोर ठेवलंत तिथंच चुकलं. मांजर डोळ्यांआधी नाकानं ओळख करून घेतं. आता पहिल्यापासून सुरू करा.

पिल्लाला खालच्या मागच्या खोलीत ठेवा. माडी भाटीचीच राहू दे. तिची जागा गेली की भांडण दुप्पट. खोलीत पाणी, खाणं, लपायला पुठ्ठ्याचा खोका आणि खाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात शी-शूचा ट्रे. घरात ट्रे एकूण तीन हवेत, म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी. ओळीनं मांडलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. पावसाळ्यात वाळू ओली राहिली की मांजर गादीवर मुततं आणि घरचे म्हणतात, रुसलंय.

दहा ते चौदा दिवस दार बंद. त्यामागं भांडणापेक्षा मोठं कारण आहे: मांजरांचा पार्व्हो, हा जीवघेणा विषाणूचा आजार. पिल्लू अंगात घेऊन आलं असेल तर उलट्या, पातळ जुलाब, मलूलपणा बहुतेक या मुदतीत दिसतो. तीन रोगांची लस आता द्या, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची बारा आठवड्यांनंतर. भाटीच्या लसी चुकल्या असतील तर तिच्याही.

या काळात वास फिरवायचा. जुना सुती कपडा पिल्लाच्या गालांवर, हनुवटीखाली चोळा आणि भाटीच्या ताटलीपासून चार हात लांब टाका. कपड्यावर फिस्कारली तर आणखी लांब. तिचा कपडा पिल्लाकडे. मुदत संपली आणि पिल्लू ठणठणीत असलं, की अर्धा तास जागांची अदलाबदल: भाटी पिल्लाच्या खोलीत, पिल्लू घरभर, पण एकमेकींना न दिसता.

जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना. ताटल्या दारापासून सहा फुटांवर, रोज अर्धा फूट जवळ. जिथं भाटी खाणं अर्धवट टाकेल तिथून एक पायरी मागं या आणि दोन दिवस तिथंच थांबा. दाराशी निवांत जेवायला लागल्या की लाकडी दार उघडून मच्छरजाळीचं दार लावा, त्यावर चादर टाका, रोज चार बोटं वर घ्या.

आणि आईंना आत्ताच सांगा, "बघ गं तुझी बहीण" म्हणत पिल्लू उचलून भाटीच्या नाकाला लावायचं नाही.
– शाहूपुरी

---

जाळीनंतरची पहिली भेट पाच मिनिटांची, पिल्लाला आधी खेळवून दमवून. माणसं दोन, प्रत्येकाच्या हातात दोरीचं खेळणं. भांडण व्हायच्या आत संपवायची, झाल्यावर नव्हे.

फिस्कारणं, गुरगुरणं, नखं आत ठेवून दिलेली एखादी चापट, एवढं चालतंय. पिल्लाला शिस्त लागते. आवाज न करता नजर रोखली, कान मागं चपटे, अंग जमिनीला टेकवून पुढं सरकली, की दोघींच्या मध्ये पुठ्ठा सरकवा. हात घालू नका. चिडलेली भाटी मध्ये येणाऱ्यालाच धरती. चावली तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात नाहीतर जवळच्या दवाखान्यात जा. ओरडू नका, पाणी उडवू नका. त्याचा हिशोब ती पिल्लाच्या नावावर मांडती.

भाटीनं पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, जाड मांजराच्या लवकर.
– राजारामपुरी

---

स्वयंपाकघराचं राहिलं. तांबड्या-पांढऱ्या रश्शातलं मटण धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. उकडलेलं बिनमिठाचं चिकन अधूनमधून ठीक, रोजचं खाणं पिल्लांसाठीचंच. म्हशीचं दूध नको. त्यानं जुलाब झाले की पार्व्होची उगाच धास्ती.

फरशीला फिनेल बंद, ते मांजराला विषारी. ट्रे आधी साबणानं धुवा, मग चार लिटर पाण्यात अर्धा कप ब्लीच, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुऊन वाळवा. गोचिडांसाठी कुत्र्याचे थेंब मांजराला कधीच लावू नका, परमेथ्रिननं जीव जातो.
– ताराबाई पार्क

---

मंडळी, आभार. पण तीन आठवड्यांचं काय?
– मंगळवार पेठ

---

तुमची रजा भाटीला ठाऊक नाही. तीन आठवड्यांत जाळीपर्यंत पोचलात तरी पुष्कळ. पुढं दोन-तीन महिनेही लागतात. दाराशेजारी वही टांगा: आज ताटल्या किती फुटांवर, भाटीनं पुरतं खाल्लं का. फोनवर "बरं चाललंय" ऐकण्यापेक्षा ते आकडे विचारा.

पिल्लाचं ऑपरेशन पाचव्या महिन्याच्या आत करायचं, तारीख जायच्या आधी ठरवून ठेवा. जाळीची कडी बाहेरून लावा आणि खालच्या फटीत फळी ठोका. एवढं पिल्लू दोन इंचांतून निघतं.
– शाहूपुरी