मदत हवी आहे: इंजिनघरातल्या अंधारात गंजाचा पोत कसा टिपावा?

मोहोळकडच्या एका पडीक मळ्यात विहिरीवरचं जुनं इंजिनघर आहे. आत ऑइल इंजिन गंजून पडलंय. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) गंजाचे पोपडे सुटलेत, मला नेमका त्यांचाच पोत हवाय. मालकांची परवानगी घेतली आहे. अडचण उजेडाची. दार एकच, तेही पश्चिमेला; बाहेर सोलापूरचं ऊन, आत काळोख.

ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवून रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे एकच चौकट कमी-जास्त एक्स्पोजरने अनेकदा टिपली, पण ते फोटो एकत्र जोडल्यावर गंज रंग फासल्यासारखा खोटा दिसतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने तर सगळंच सपाट. तिथे वीज नाही. एसटीने जातो, म्हणून मोठे लाइट नकोत आणि सूर्य कलेपर्यंत थांबलं तर शेवटची गाडी चुकते. इंजिन पुसायचं-हलवायचंही नाही (तेवढं पथ्य पाळतोच).

दाराबाहेर थर्माकोल धरून ऊन आडवं आत फेकावं, की फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूने मारावा? पोपड्यांच्या कडा कशाने उठून दिसतील?