गोळी झेलली नाही, मग नर्सला कसला आघात?

सिडकोकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी नर्सवरची ती कादंबरी निम्मी झकास, पण ती घरी परतल्यावर नुसती रडारड. पट्ट्या बांधणाऱ्यांना कसला आलाय आघात!" अहो, कुणाला आधी टेबलावर घ्यायचं आणि कुणाला मरायला बाजूला ठेवायचं, हे तिथे वीस-बावीस वर्षांच्या पोरी ठरवत होत्या. त्या युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली वॉशिंग्टनला भिंत आहे, तिच्यावर ८ बायकांची नावं आहेत, आठही नर्सच. भिंत झाली १९८२ ला, त्या युद्धातल्या बायकांचं वेगळं स्मारक उभं राहायला १९९३ उजाडलं. 'तू कुठे लढलीस?' हेच ऐकत बसायचं का तोवर? कादंबरी खरी सुरू होते ती ती घरी आल्यावर.

तोफखाना_निवृत्त:
ते मीच लिहिलंय, मागे घेणार नाही. देवळालीत नोकरी काढली, लष्करी नर्सना आम्ही सॅल्यूट ठोकतो. पण दर तीस पानांनी प्रेमप्रकरण? युद्ध चाललंय की लगीनसराई?

कॅम्पातली:
लगीनसराई म्हणे! आपल्याकडे लग्न केलं म्हणून नर्स अधिकाऱ्याला लष्कराने १९८८ मध्ये घरी बसवलं. सेलिना जॉन. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ६० लाख द्यायला लावले. पुरुषांना हा नियम नव्हता बरं का. सॅल्यूट ठेवा तुमच्याकडेच.

तोफखाना_निवृत्त:
विषय व्हिएतनामचा चाललाय, ताई.

पंचवटीची_सिस्टर:
व्हिएतनाम कशाला? कोविडमध्ये नाइट करून सकाळी खोलीवर आले तर कुलूप बदललेलं. बॅग जिन्यात. आदल्या वर्षी थाळी वाजवायला हाच घरमालक सगळ्यात पुढे. अजून नवीन खोली बघताना 'नर्स आहे' सांगायला जीभ रेटत नाही.

इंदिरानगरवाला:
सगळ्या घरमालकांना एका माळेत ओवू नका. माझ्या घरात ऐंशीची आई होती. काय करायचं होतं आम्ही?

पंचवटीची_सिस्टर:
आधी फोन करायचा होता. आणि डिपॉझिट परत द्यायचं होतं.

इंदिरानगरवाला:
मी नव्हतो तो!! भाडेकरू काय काय करून जातात ते मी लिहू का? नाशिकची घरपट्टी बघितलीय कधी?

सिडकोकर:
घरपट्टीचा वेगळा धागा काढा, हात जोडतो.

तोफखाना_निवृत्त:
सिस्टर, तुमचं पटलं. कुलूप बदलणाऱ्याला आमच्या रेंजवर पाठवा. कादंबरीतली दोन प्रेमप्रकरणं मात्र कापाच.

इंदिरानगरवाला:
धमकी देताय का? स्क्रीनशॉट काढलाय.