मदत हवी आहे : लेकीला सांभाळणाऱ्या मावशींशी नीट कसं वागावं?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, लेक दीड वर्षाची. माझी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली तेव्हापासून ती गल्लीतल्याच एका मावशींच्या घरी असते. बाई फार मायेच्या, घरात तेलुगू बोलतात. पोरगी तर हल्ली मांजरालाही तेलुगूत 'रा रा' म्हणून बोलावते!

चूक आमचीच, आधीच कबूल करते. साडेसहाला न्यायचं ठरलंय, आम्ही पोचतो सव्वासातला. परवा गेले तर लेक कडेवर आणि दुसऱ्या हाताने मावशी तव्यावरची भाकरी उलटत होत्या. बोलल्या काही नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सासूबाई डब्यातली खिचडी का उरली म्हणून त्यांना रोज फोन करतात.

उशिराचे जादा पैसे दिले तर त्यांना राग येईल का? की आधीच बोलून ठरवावं? संक्रांतीला गड्ड्याच्या (म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेसाठी त्या ४ दिवस सुट्टी घेणार आहेत, तुम्ही अशा सुट्टीचे पैसे कापता का? (मला तर कापवत नाहीत.) अंगात कणकण असताना लेकीला पाठवावं का? तिथे आणखी दोन पोरं असतात.

आणि सासूबाईंचे फोन कसे थांबवू, हे आधी सांगा!