ओयटालमध्ये बाबागाडी आणि आई, दोघांना घेऊन कुठपर्यंत जाता येईल? मदत हवी आहे

ऑगस्टमधल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी म्युनिकहून ओबरस्टडॉर्फला (जर्मन आल्प्समधलं गाव) जातोय; ओयटाल ही तिथलीच दरी. गाडी नाही, डॉइचलांडटिकिटावर (देशभरच्या लोकल-प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) ट्रेनने, म्हणजे संध्याकाळी परतायचंच. सोबत दीड वर्षाची लेक आणि पुण्याहून आलेली आई. आई सपाटीवर तासभर आरामात चालते, चढाला मात्र गुडघे कुरकुरतात.

दरीतल्या ओयटालहाउस या खानावळीपर्यंतचा प्रश्न नाही: डांबरी रस्ता, खाजगी गाड्यांना बंदी, आणि आईसाठी घोडागाडी आहे. पण तिथे गर्दी फार. मला गाठायचंय ते पुढचं केझरआल्पे (आल्पे म्हणजे डोंगरातलं गुरांचं उन्हाळी ठाणं), साधारण १४०० मीटरवरचं, गाईगुरांच्या कुरणातलं. नकाशावर वाटेतल्या गूटेनआल्पेपर्यंत चढ सौम्य दिसतो, मग स्टुइबेन धबधब्यापाशी समोच्च रेषा एकदम दाटतात. फोटो बरेच चाळले, पण त्यात सगळे सायकलवाले! बाबागाडी साधी, शहरातली, छोट्या चाकांची. पाठीवरची कॅरियर आहे, पण लेक त्यात अर्ध्या तासावर टिकत नाही.

खाण्याचं: आई अंडंही खात नाही, त्यामुळे केझश्पात्सेन (अंड्याच्या पिठाचे चीज घातलेले नूडल्स) बाद. ब्रेड, चीज, ताक मिळालं तरी पुरे.

लहान मूल घेऊन कोणी गेलंय का? गूटेनआल्पेलाच थांबावं, की धबधब्याच्या पुढचा चढ बाबागाडी ढकलत जमतो?