मदत हवी आहे: पेरॉक्साईड संपतंय पण रिअ‍ॅक्शन होईना

शहापूरची
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, हायड्रोजन पेरॉक्साईडनं ऑक्सिडेशन करायचं, सोमवारी गाईडना रिझल्ट दाखवायचेत आणि तीन आठवडे नुसता वैताग. कॅटॅलिस्ट मीच केलाय, एक्सआरडी (स्फटिकाची एक्स-रे तपासणी) छान आला, ६० डिग्रीला सहा तास ढवळलं तरी कन्व्हर्जन (किती माल बदलला ते) ४ टक्क्यांच्या वर जाईना. पेरॉक्साईड मात्र पार संपलेलं असतंय. काय चुकतंय सांगा की ओ कुणीतरी, लवकर.

निपाणीकर
ताई, कॅटॅलिस्ट कुठला? काय ऑक्सिडाईज करताय? सॉल्व्हंट?

शहापूरची
टीएस-१ हो, बारीक भोकांची सिलिका, जाळीत टायटॅनियम बसवलेली. मिथेनॉलमध्ये. पेरॉक्साईड ३० टक्के.

कॅम्पातले मास्तर
३० टक्के हे बाटलीवर लिहिलेलं. बाटली कधी फोडली? उन्हाळ्यात बाहेर राहिली की उतरतंय ते. आधी टायट्रेशन करून खरं किती टक्के उरलंय ते मोज बाळ. आणि मी म्हणतो सरळ परमँगनेट वापर, आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं, कधी दगा नाही.

निपाणीकर
मास्तर, टायट्रेशनला परमँगनेट ठीक, पण त्यानं ऑक्सिडेशन केलं की मँगनीज डायऑक्साईडचा काळा गाळ उरतोय, तो टाकायचा कुठं? पेरॉक्साईडचं शेवटी पाणीच होतंय, म्हणून तर १९८३ च्या इटलीच्या एनी कंपनीच्या पेटंटपासून लोक टीएस-१ च्या मागं आहेत. २००८ पासून प्रॉपिलीन ऑक्साईडचे मोठे कारखाने यावरच चालतात.

कॅम्पातले मास्तर
कारखान्याचं वेगळं, कॉलेजचं वेगळं. गाळ गाळून घेता येतो.

खानापूरचा भातवाला
सिलिका कुठली वापरता? आमच्या गिरणीत भाताचं तूस ढिगानं पडलंय, त्याच्या राखेतून चांगली सिलिका निघते म्हणतात, महागडं टीईओएस (सिलिकासाठीचं विकतचं रसायन) कशाला.

शहापूरची
सिलिकाचा प्रश्नच नाहीये माझा! बाटली फेब्रुवारीत फोडलेली.

पुणे-बेळगाव
कॅटॅलिस्टचा यूव्ही (कुठला प्रकाश शोषतो त्याचा आलेख) काढलाय का? २१० नॅनोमीटरजवळ बँड हवा. ३३० च्या आसपास खांदा दिसला तर टायटॅनियम जाळीत न बसता अ‍ॅनाटेज (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साईड) होऊन वेगळं पडलंय आणि तेच पेरॉक्साईड फुकट फोडतंय. अ‍ॅनाटेज थोडं असलं की एक्सआरडीत दिसतच नाही, त्यामुळं छान आला म्हणून गप बसायचं नाही. आणि सबस्ट्रेट, म्हणजे काय ऑक्सिडाईज करताय ते, अजून सांगितलंच नाही तुम्ही.

शहापूरची
सायक्लोहेक्झीन. यूव्ही नाही काढला.

पुणे-बेळगाव
मग तिथंच अडलंय की! टीएस-१ ची भोकं साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची. सरळ साखळीचं १-हेक्झीन आत जातंय, सायक्लोहेक्झीनचं कडं दारातच अटकतंय, मग पेरॉक्साईड आत नुसतं तुटत बसतंय. मोठ्या भोकांचा टायटॅनियमवाला कॅटॅलिस्ट घ्या, टायटॅनियम बीटा किंवा एमसीएम-४१.

निपाणीकर
एमसीएम-४१ नको. पाण्यातल्या पेरॉक्साईडमध्ये टायटॅनियम सुटून बाहेर येतंय, माझे सहा महिने त्यात गेले. कुठलाही घ्या पण गरम असतानाच गाळा आणि गाळलेलं पुढं तापवत ठेवा. तरी रिअ‍ॅक्शन चालूच राहिली तर काम सुटलेलं टायटॅनियम करतंय, घन कॅटॅलिस्ट नाही.

कॅम्पातले मास्तर
एक ऐक बाळ, फ्लास्क अ‍ॅसिटोननं धुतला असशील तर पूर्ण वाळव. अ‍ॅसिटोन आणि पेरॉक्साईडचा स्फोटक पदार्थ होतो.

शहापूरची
होय सर. टायट्रेशन केलं आत्ता, २१ टक्केच निघालं. १-हेक्झीन डिपार्टमेंटात नाही, फिनॉल आहे. चालेल का?

पुणे-बेळगाव
चालेल की, टीएस-१ चं ते जुनंच काम, कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन मिळेल. पेरॉक्साईड एकदम ओतू नका, थेंब थेंब सोडा. फिनॉल कातडीला लागू देऊ नका.

शहापूरची
उद्या सकाळी लावते. यूव्हीचा नंबर शुक्रवारी लागलाय, ३३० ला काय दिसलं ते इथंच टाकते.