पट्टी पॉझिटिव्ह म्हणजे पीकेडीएलच का?

मुझफ्फरपूरचा डॉक्टर:
काल इथे कुणीतरी लिहिलंय, "काळा आजार होऊन गेलेल्याच्या अंगावर चट्टे दिसले की आरके-३९ पट्टी करा, १० मिनिटांत निदान, बायोप्सी कशाला." वाचून राहवलं नाही. काळा आजार, म्हणजे वाळूमाशी चावून होणारा परजीवीचा ताप, बरा झाल्यावर काहींच्या कातडीवर चट्टे येतात, तेच पीकेडीएल. अहो, ही रक्ततपासणीची पट्टी अँटीबॉडी दाखवते, परजीवी नाही! आजार बरा झाल्यावरही अँटीबॉडी रक्तात वर्षानुवर्षं राहतात, मग अशा माणसाला साधं शिबं आलं तरी पट्टीवर दुसरी रेघ उमटू शकते. त्या शिब्यापायी १२ आठवडे मिल्टेफोसिन गिळायला लावणार? उलट्या, डोळ्यांचा त्रास, आणि मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर गर्भनिरोधकही सक्तीचं. चट्ट्यातून स्मिअर काढून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी बघा, पीसीआर करून त्याचा डीएनए शोधा.

वाळूमाशी हटाव:
ते मीच लिहिलं होतं. सपाट फिकट चट्ट्यांत परजीवी इतके कमी असतात की स्मिअर बऱ्याचदा निगेटिव्ह येतो, हे तुम्हाला माहीत नाही का? आणि ब्लॉकच्या दवाखान्यात पीसीआर कुठून आणू? असा माणूस बिनउपचार राहिला तर वाळूमाशी त्याला चावून परजीवी पुढे नेणार, त्याचं काय?

पौड रोड:
आमच्या सोसायटीचा वॉचमन बिहारच्या सारण जिल्ह्यातला. पाठीवर, तोंडावर फिकट चट्टे. इथल्या डॉक्टरने कुष्ठरोग म्हणून एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाची औषधं, दिली, बिचाऱ्याने वर्षभर खाल्ली. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, याच्या चट्ट्यावर टाचणी टोचली तर त्याला नीट कळायचं, पण कुणी टोचून बघितलंच नाही! काळा आजार झाला होता का, एवढं विचारायला किती वेळ लागतो? गावी कळलं, तर बायको माहेरी निघून गेली.

स्किनवाला:
डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे. महाराष्ट्रात कुष्ठरोग रोज दिसतो, पीकेडीएल अख्ख्या करिअरमध्ये एखादा दिसला तर दिसला. आधी कुष्ठरोगच डोक्यात येणार ना?

पौड रोड:
डोक्यात येऊ दे हो, पण संवेदना तपासायला काय पैसे पडतात? माणसाचं घर मोडलंय आणि तुम्ही करिअर सांगताय!

माजी फौजी:
मी बिकानेरला होतो. तिकडे वाळूमाशी चावून कातडीवर फोड येतो, त्याचा परजीवीच वेगळा, ट्रॉपिका, रक्तात अँटीबॉडी फारशा बनतच नाहीत. तिथे पट्टी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका, फोडाच्या कडेचा स्मिअरच घ्या.

मुझफ्फरपूरचा डॉक्टर:
फौजींचं बरोबर. आणि वॉचमनची पुण्यात पट्टी केली असती तर किमान इशारा मिळाला असता, हे मला मान्य करावं लागतंय. पण इशाराच, निदान नव्हे.

वाळूमाशी हटाव:
सरकारी नियमातही तेच आहे, चट्टे, संवेदना शाबूत आणि पट्टी पॉझिटिव्ह असेल तर 'संभाव्य' केस. पण स्मिअर निगेटिव्ह आला तर घरी पाठवायचं का, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

मुझफ्फरपूरचा डॉक्टर:
घरी नाही पाठवायचं. जिल्ह्याला बायोप्सीला पाठवा, गाडीभाडं देऊन पाठवा. आणि तोवर कागदावर 'पक्कं' लिहू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.